रिकामा खिळा: एका कोल्हापुरी ट्रेलरचं प्रकरण

खुनाच्या तपासावर बेतलेल्या एका मराठी चित्रपटाचा ट्रेलर कोल्हापुरात निरनिराळ्या लोकांना आवाज बंद करून दाखवला गेला. बहुतेकांनी तो भुताचा पिक्चर ठरवला. दुरुस्त करून पुन्हा दाखवला, तर तो गँगचा ठरला. तिसऱ्या मांडणीत कुठे लोक म्हणू लागले, "खून झालाय, आणि हिशेबात काहीतरी लफडं हाय." नट तेच, जागा त्याच, चित्रीकरणही जवळपास तेच. बदलले ते बारीकसारीक तपशील: उजेड कुठून येतो, चौकटीत कोणती वस्तू आहे, ती कोणत्या क्रमाने दिसते.

मी त्या टीममधला नाही. संकलक ओळखीचा आहे, ट्रेलर कापायची कामं मीही करतो, त्यामुळे तिन्ही मांडण्या बघायला मिळाल्या आणि त्यावरच्या भांडणांनाही हजर राहता आलं. चित्रपट अजून लागलेला नाही, म्हणून नावं घेत नाही.

हाताशी काय होतं

कथा करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाभोवती फिरते. मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचा दिवाणजी, म्हणजे हिशेब लिहिणारा कारकून, ऐन हंगामात बेपत्ता होतो आणि गुऱ्हाळाशेजारच्या विहिरीत सापडतो. पाय घसरून पडला, असं गाव म्हणतं. फौजदाराला ते पटत नाही. भानगड आहे पट्ट्यांची. शेतकऱ्याचा गूळ विकला की अडत्या त्याला पट्टी देतो: वजन, दर, हमाली-तोलाई कापून हातात येणारी रक्कम. वरची प्रत शेतकऱ्याची, कार्बनखालची दुकानाची. दिवाणजीच्या लक्षात येतं, की वजनाचा आकडा लिहिताना कुणीतरी कार्बन बाजूला सरकवतंय.

गोष्ट चांगली आहे. गुऱ्हाळावर माणूस मारायचा म्हटलं की कुणीही रस उकळायच्या काहिलीत ढकलून मोकळा होईल. या लेखकाने तो मोह टाळला, हे मला आवडलं.

ट्रेलरवर दोन बंधनं होती. निर्मात्याला तो एका कौटुंबिक चित्रपटाच्या आधी चित्रगृहात दाखवायचा होता. चित्रगृहात दाखवायचा ट्रेलरही सेन्सॉर बोर्डाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. इंटरनेटवर टाकायचा असेल तर तशी गरज नसते. समोर बायकापोरं बसणार म्हटल्यावर रक्त आणि प्रेत बाद झालं. दुसरं बंधन तंबाखूचं. प्रसिद्धीच्या साहित्यात तंबाखूचा वापर दाखवायला मनाई असल्यामुळे गुन्हेपटांचं जुनं हुकमी चित्र, अंधारात पेटलेली सिगारेट आणि तिचा धूर, तेही गेलं. दिग्दर्शक यावर पुष्कळ कुरकुरला. माझ्या मते ही दोन्ही बंधनं त्याच्या पथ्यावर पडली.

पहिली मांडणी: "ही हडळ हाय व्हय रं?"

पहिला ट्रेलर दिसायला देखणा होता, हे आधी सांगतो. काहिलीतून उठणारी वाफ, चुलवाणात चिपाड सारणारा जळव्या, त्याच्या चेहऱ्यावर नाचणारा जाळ, विहिरीच्या काठावरून हळूहळू खाली डोकावणारा कॅमेरा, मोकळ्या केसांनी पाठमोरी उभी असलेली दिवाणजीची बायको, वाकलेल्या उसाच्या सरीतून धावणारी पावलं. सगळ्यावर निळसर झाक. शेवटी पडदा काळा, आणि विहिरीच्या कठड्यावर एकदम येऊन पडणारा ओला हात.

आवाज बंद ठेवायची कल्पना संकलकाची. संगीत चालू असलं की तेच सांगून टाकतं, हा कशाचा सिनेमा आहे ते. शिवाय फोनवर निम्मे लोक आवाजाशिवायच बघतात. दाखवून झालं की एकच प्रश्न: हा पिक्चर कशाचा वाटतो? विद्यापीठातली पोरं, उद्यमनगरात लेथवर काम करणारे कारागीर, राजारामपुरीतल्या एका घरी भिशीला जमलेल्या बायका, पेठेतल्या एका तालमीतली मंडळी, असे बघणारे होते. भिशीत दिग्दर्शकाची मावशी होती. तिने पाठमोऱ्या बाईकडे बोट करून विचारलं, "ही हडळ हाय व्हय रं?" ती मयताची बायको आहे असं सांगितल्यावर मावशी म्हणाली, "मग केस मोकळे सोडून रात्रीची विहिरीवर कशाला उभी केलीस तिला?"

तिथेच दुखणं होतं. रात्र, विहीर, मोकळे केस, पाठमोरी बाई ही चार चित्रं आपल्याकडे एकत्र आली, की बघणाऱ्याच्या मनात दुसरा विचार येत नाही. पण दोष एकट्या केसांचा नव्हता. दोष उजेडाचाही होता.

गुन्हेपट अंधारा असतो, एवढं दिग्दर्शकाला माहीत होतं. चुकीचं नाही ते. मुख्य दिव्याच्या उजेडापुढे सावली भरून काढणारा उजेड फारच कमी ठेवायचा, म्हणजे अर्धा चेहरा काळोखात जातो. जर्मनीतून ही रीत अमेरिकेत गेली आणि १९४०च्या दशकातल्या तिथल्या गुन्हेपटांची ओळख बनली. आपल्या कोल्हापुरालाही ती नवखी नाही. इथलेच दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांच्या 'सावकारी पाश'मधली मंद उजेडातली झोपडी आणि तिथलं विव्हळणारं कुत्रं, हे दृश्य बघितलेल्यांच्या आठवणीत राहून गेलेलं आहे. तीही सावकारीची, म्हणजे कागदावरच्या आकड्यांनी माणूस नागवण्याचीच गोष्ट. दिग्दर्शक हे उदाहरण दर दहा मिनिटांनी देत असे. कोल्हापुरात सिनेमाचं काम करणाऱ्या कुणालाही बाबूरावांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

पण भयपटही अंधाराच असतो. मग दोन अंधारांत फरक काय? भयपटातल्या उजेडाला बहुतेक वेळा मालक नसतो. निळा प्रकाश कुठूनसा येतो, चंद्राचा असावा असं आपण समजून घेतो. गुन्हेपटातला उजेड कुणाचा तरी असतो: हवालदाराची बॅटरी, गाडीचे दिवे, ठाण्यातली फडफडणारी ट्यूब, कुणीतरी घाईने बंद केलेला मोबाइल. तो उजेड काहीतरी शोधत असतो किंवा लपवत असतो. पहिल्या ट्रेलरमध्ये रात्रीच्या एकाही दृश्यात उजेडाचा उगम चौकटीत नव्हता. चुलवाण होतं, पण त्याचा जाळ चेहऱ्यावर नाचवला होता, आणि नाचता जाळ म्हणजे पुन्हा भूतच.

इथे एक जुनं उदाहरण कामाला आलं. फ्रित्झ लांगच्या १९३१च्या 'एम' या जर्मन चित्रपटामध्ये खुनी पहिल्यांदा दिसतो तो सावलीच्या रूपात. नुसती सावली भिंतीवर पडली असती तर ते भुताचं चित्र झालं असतं. ती पडते खुन्याला पकडून देणाऱ्याला बक्षीस जाहीर करणाऱ्या पत्रकावर, आणि त्या पत्रकावर एक लहान मुलगी चेंडू आपटत असते. सावली पडायला तिथे एक कागद आहे, म्हणून आपण घाबरण्याबरोबर विचारही करू लागतो. संकलकाने हे दृश्य दिग्दर्शकाला दाखवलं. दिग्दर्शक म्हणाला, "म्हणजे मला कागद पाहिजे." बरोबर दिशा होती. पण मधे निर्माता आला.

दुसरी मांडणी: धुरळा

भूत काढायचं तर भाईगिरी आणा, हा निर्मात्याचा सल्ला. दुसरी मांडणी दिवसाउजेडी सुरू झाली: संथ गतीने चालत येणारे आडदांड गडी, धुरळा उडवत थांबणाऱ्या पांढऱ्या गाड्या, संध्याकाळच्या रंकाळ्यावर पाठमोरा उभा खलनायक, उसाच्या फडात चमकणारा कोयता, जमिनीवर आपटून फुटणारा गुळाचा रवा, म्हणजे ढेप. निळी झाक जाऊन पिवळी आली. तालमीतल्या चार पोरांना बोलावून थोडं नवं चित्रीकरणही केलं.

यावर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. लोकांनी एकतर 'गँगचा' म्हटलं किंवा 'कारखान्याच्या इलेक्शनचा'. दुसरं उत्तर जास्त मजेशीर, आणि आमच्या भागात ते साहजिकही. ऊस, पांढऱ्या गाड्या आणि पांढरे कपडे एकत्र दिसले की कोल्हापूरकराला निवडणुकीशिवाय दुसरं काही सुचत नाही.

तालमीतले वस्ताद मात्र भडकले. "मालक, आमची पोरं पिक्चरमधी कायम गुंडच का? एखाद्याला फौजदार करा की." दिग्दर्शकाने हसण्यावारी नेलं. ते न्यायला नको होतं. वस्तादांचं म्हणणं रीतभात म्हणून तर बरोबर होतंच, पण ट्रेलरचं काम म्हणूनही बरोबर होतं. पिळदार दंड, गळ्यात साखळी आणि संथ चाल हे 'गुंड' या शब्दाचं घासून गुळगुळीत झालेलं चित्र आहे. ते बघणाऱ्याला सांगून टाकतं की वाईट माणूस हा. तपासाच्या सिनेमात नेमकं तेच सांगून चालत नाही. कोण वाईट, हे कळलं की कुतूहल संपलं, उरते ती मारामारी.

कोयत्याचंही तसंच. पुण्या-मुंबईच्या बातम्यांनी कोयत्याला हत्यार करून टाकलंय. पण गुऱ्हाळावर कोयता म्हणजे विळ्या-खुरप्यासारखं रोजचं अवजार, ऊसतोडीच्या टोळीच्या हातातलं. फडात चमकणारा कोयता बघून भिशीतली एक बाई म्हणाली, "ऊस तोडत्याती. बरं, मग?"

तिसरी मांडणी: आधी काहीतरी होतं

वळण आलं ते ह्याच कोयत्यामुळे. गुऱ्हाळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीवर ओळीने खिळे ठोकलेले होते आणि टोळीचे कोयते तिथे टांगलेले असत. कॅमेरामनने नुसती जागा टिपायची म्हणून त्या भिंतीचा एक शॉट घेऊन ठेवला होता. त्यात एक खिळा रिकामा होता. संकलकाने चौकट मोठी करून बघितली, तर धुराने काळवंडलेल्या त्या भिंतीवर रिकाम्या खिळ्याखाली कोयत्याच्या आकाराचा उजळ डाग होता. वर्षानुवर्षं कोयता तिथे टांगलेला होता, म्हणून तेवढी भिंत काळी झाली नव्हती.

मुद्दाम कुणी हे रचलं नव्हतं. पण या एका चित्रात सगळं होतं. भयपटात जे नाही, त्याची भीती असते. गुन्हेपटात जे नाही ते कधीतरी होतं, आणि त्याचा माग राहिलेला असतो. विहिरीचा काळोख बघून आपण अंग चोरतो. तो डाग बघून आपण पुढे वाकतो आणि विचारतो, कोयता नेला कुणी?

तिसऱ्या मांडणीचा नियम इथून ठरला: बघणाऱ्याने प्रत्येक वस्तूकडे पुरावा म्हणून बघितलं पाहिजे. विहिरीकाठच्या चपलेचं जे झालं, त्यात हा नियम सगळ्यात स्वच्छ दिसतो, म्हणून ते सविस्तर सांगतो.

दिवाणजीची एक चप्पल विहिरीकाठी सापडते. पायतान अस्सल कापशी, करकर वाजणारं. पहिल्या मांडणीत ती चप्पल काठावर एकटी होती, मागे निळा काळोख. बघणाऱ्यांच्या मते एकतर त्याने जीव दिला, नाहीतर त्याला भुताने ओढला. तिसऱ्या मांडणीत चप्पल तीच, काठ तोच, पण तीन शॉट एकापाठोपाठ एक जोडले. पहिला लांबून: विहीर, गुऱ्हाळ, बघ्यांची गर्दी, आणि चप्पल कुठे आहे ते कळेल एवढा अवकाश. दुसरा मध्यम: चप्पल आणि काठावरची घसरल्याची खूण एकाच चौकटीत. तिसरा अगदी जवळून: चपलेशेजारी मोजपट्टी ठेवणारा हात, मग खाकी कागद, त्यावर लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी. घटनास्थळाचे फोटो काढण्याची खरी पद्धत हीच आहे: आधी सगळी जागा, मग वस्तू आणि तिच्या आजूबाजूचं, मग मोजपट्टीसह जवळून. संकलकाने ट्रेलरचा तुकडा त्याच क्रमाने कापला. बघणाऱ्याला ही पद्धत माहीत असण्याची गरज नाही. कुणीतरी शांतपणे, पायरीपायरीने बघतंय, एवढं त्याला जाणवतं. आणि त्या चौकटीत मोजपट्टी आल्याबरोबर चपलेचा मुद्देमाल होतो.

भयपटात हा क्रम उलटा चालतो, हेही त्या निमित्ताने बोलणं झालं. आधी घाबरलेला चेहरा जवळून, मग मागचं अंधुक काहीतरी, आणि जागेचा नीट अंदाज आपल्याला कधीच येऊ द्यायचा नाही.

उद्यमनगरात ही मांडणी दाखवली तेव्हा एका लेथवाल्याने चपलेकडे बघून विचारलं, "दुसरी कुठाय?" दिग्दर्शकाला एवढंच हवं होतं.

कार्बनचा शॉट नव्याने घेतला. अडत दुकानाच्या गादीवर पट्टीपुस्तक, वर ट्यूबलाइट. फौजदार वापरलेला कार्बन कागद उचलून ट्यूबसमोर धरतो आणि त्यातून उजेडाच्या रेघांनी आकडे उमटतात. वजनाच्या रकान्यात मात्र काहीच नाही, कार्बन तिथे कोराच्या कोरा. ह्या शॉटला उजेडाचा उगम आहे, बघणारा माणूस आहे, आणि जे नाही त्याचा मागही आहे. रक्ताचा थेंब न दाखवता यापेक्षा गुन्हेगारी दिसणारं चित्र मला तरी सुचलं नसतं. कार्बनवरचे आकडे उलटे दिसतील की सुलटे, यावर सेटवर एक तास वाद चालला, तेव्हा मीच कंटाळून कागद घेऊन बघितलं: तो ज्या बाजूने धराल तसं.

ट्रकचा शॉट मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडतो. मार्केट यार्डातून रात्री बाहेर पडणारा गुळाचा ट्रक, मागून घेतलेला. व्यवसायाचं वाहन म्हणून पिवळी नंबरप्लेट, सुरुवातीचे एमएच ०९ वाचता येतात, पुढच्या आकड्यांवर ओला चिखल. हंगाम थंडीतला. रस्ते कोरडे, सगळीकडे धूळ. मग चिखल कुठला? पाटाचं पाणी रस्त्यावर येतं, हे खरं. पण मग चाकं आणि मागचा फाळकाही बरबटलेला हवा. चाकं कोरडी ठाक. शेती बघितलेल्या माणसाला हे एका नजरेत कळतं, आणि न बघितलेल्यालाही झाकलेला नंबर कळतोच.

वाफ काढून टाकली नाही. सिगारेटचा धूर गेला तेव्हा चौकटीत हलणारं, झिरपणारं काहीतरी हवंच होतं. फक्त काहिलीवर गुळव्याच्या डोक्यावर एक उघडा बल्ब आणला आणि वाफेआडून गडी रव्यांची थप्पी लावताना दिसतील असं केलं. काम चालू असलेली जागा भुताटकीची वाटत नाही. दिवाणजीच्या बायकोचे केस बांधले, आणि ती आता पाठमोरी नाही. पंचनाम्यावर सही करायच्या आधी ती कागद वाचताना दिसते.

खाकीतले तपशील

पोलिसांच्या चित्रांवर कोल्हापूरची पब्लिक फार बारकाईने बोलली. घरटी एखादा नातेवाईक खात्यात असतो, त्याचा हा परिणाम असावा.

पहिल्या दोन्ही मांडण्यांत फौजदाराच्या खांद्यावर तीन तारे होते आणि फीत नव्हती. म्हणजे झाला तो उपअधीक्षक. फौजदार म्हणजे उपनिरीक्षक, त्याला दोन तारे आणि खांदापट्टीच्या टोकाला लाल-निळी फीत. तो शॉट परत घ्यावा लागला. ऑनलाइन मागवलेली, इंग्रजी मजकूर छापलेली पिवळी फीत विहिरीभोवती गुंडाळली होती, तीही काढली. शहरातले पोलिस हल्ली अशा फिती बांधतात, पण गुऱ्हाळावरच्या विहिरीला ती बघून तालमीतली पोरं हसली. त्याऐवजी काथ्याची दोरी आली, काठी आडवी धरून लोकांना मागे रेटणारा हवालदार आला, आणि त्याच्या खांद्यावरून माना उंचावून बघणारी गर्दी. बघ्यांच्या चेहऱ्यांवरची ती अधाशी उत्सुकता परदेशी फितीपेक्षा जास्त सांगते.

एक नवा तपशील मात्र आवर्जून घातला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करण्याची तरतूद आहे. त्यामुळे चपलेच्या दुसऱ्या शॉटमध्ये एक शिपाई मोबाइल धरून पंचनामा टिपताना दिसतो, आणि क्षणभर आपण ती चप्पल त्याच्या फोनच्या पडद्यातून बघतो. हे चित्र आजचं आहे, आणि 'पुरावा म्हणून बघा' हे दुसऱ्या कशाने इतकं सरळ सांगता आलं नसतं.

कलमाच्या आकड्यावर अडलं होतं. फिर्यादीच्या कागदावर ३०२ दिसलं की शाळकरी पोरालाही कळतं, खून आहे. पण कथा गेल्या हंगामातली, आणि नव्या न्याय संहितेत खुनाचं कलम १०३ आहे. ३०२ दाखवणं खोटं, १०३ दाखवलं तर कळणार कुणाला? दिग्दर्शक ३०२च्या बाजूने होता. शेवटी कागदावर १०३च राहिलं आणि कॅमेरा त्या ओळीवर थांबलाच नाही. लाखेच्या सीलने ते काम केलं होतं.

अक्षरं आणि फोनचा पडदा

नावाच्या पाटीबद्दल थोडक्यात. आधी अक्षरांच्या शिरोरेघेतून रक्त ठिबकत होतं. आता नाव कार्बनच्या निळ्या रंगात आहे, थोडं दुहेरी, जणू खालच्या प्रतीवर उमटलेलं. ठिबकणारी अक्षरं गेल्याने भुताचा वास निम्मा कमी झाला असं संकलक म्हणतो. थोडं वाढवून सांगतोय, पण दिशा बरोबर आहे.

अंधारी दृश्यं फोनवर कशी दिसतात, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटला. एडिटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर देखणा वाटणारा काळोख दुपारी रंकाळ्यावर बसून फोनवर बघितला तर त्यात स्वतःचंच तोंड दिसतं. म्हणून प्रत्येक अंधाऱ्या चौकटीत एक जागा पुरेशी उजळ हवी, असं ठरवलं: बॅटरीचा झोत, ट्यूब, बल्ब, ट्रकचे मागचे लाल दिवे. उजेडाचा उगम चौकटीत आणायचं वर म्हटलं, ते इथेही उपयोगी पडलं.

रिव्हॉल्व्हर

एवढं सगळं जमल्यावर निर्माता परत आला आणि म्हणाला, एक रिव्हॉल्व्हर घाला. चित्रपटात रिव्हॉल्व्हर कुठेच नाही. "ट्रेलरपुरतं घाला की, कोण विचारतंय?" त्याने कायद्याचा आधारही काढला. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता, की ट्रेलरमध्ये दाखवलेलं गाणं चित्रपटात नसलं म्हणून सेवेतली त्रुटी होत नाही, आणि ट्रेलर म्हणजे प्रेक्षकाशी केलेला करार नव्हे. निकाल तसाच आहे, निर्मात्याने चुकीचं सांगितलं नव्हतं.

ट्रेलर पडद्यावरच्या गोष्टीशी तंतोतंत जुळत नाही, हे नवं नाही. हिचकॉकच्या 'सायको'चा १९६०चा ट्रेलर सहा मिनिटांच्या वर आहे. त्यात हिचकॉक स्वतः मोकळं मोटेल आणि घर फिरवून दाखवतो, इथे जिना, इथे न्हाणीघर असं बोट दाखवत जातो, आणि शेवटी न्हाणीघराच्या पडद्यामागे किंचाळताना दिसते ती नायिका जॅनेट ली नसून व्हेरा माइल्स आहे. पण ते खोटं आणि रिव्हॉल्व्हरचं खोटं एक नाही. हिचकॉकने तपशील लपवला, सिनेमाची जात लपवली नाही. रिकाम्या खोल्यांत माणूस वस्तूंकडे बोट दाखवत फिरतो, तेव्हाच आपल्याला कळतं की हे भुताचं नाही, गुन्ह्याचं आहे. रिव्हॉल्व्हर घातला असता तर या ट्रेलरची जात पुन्हा दुसऱ्या मांडणीकडे घसरली असती, आणि चित्रपट बघायला गोळीबाराची वाट बघणारे लोक येऊन बसले असते. कोल्हापुरात पब्लिकचा अपेक्षाभंग झाला तर ते कोर्टात जात नाहीत, इंटरव्हललाच चौकात जाऊन सांगतात.

रिव्हॉल्व्हर घातलं नाही. त्या बदल्यात निर्मात्याला दुसऱ्या मांडणीतला गुळाचा रवा फुटण्याचा शॉट परत मिळाला. तो आता मारामारीत नाही, जप्तीत आहे: हवालदार थप्पीतला एक रवा फोडून आत काही लपवलंय का बघतो. आत काही नाही. हा शॉट मला अनावश्यक वाटतो. तपास म्हणून तो लंगडा आहे, आणि ट्रेलरचा वेग तिथे पडतो. पण वाटाघाटीत काहीतरी द्यावं लागतंच.

आता फोनसाठी उभ्या चौकटीचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापणं चालू आहे, आणि त्यात सुरुवातीला काय ठेवायचं यावर एकमत नाही. संकलकाला रिकामा खिळा हवाय. माझं मत ट्रकच्या बाजूने आहे. खिळ्याचं चित्र ओळीमुळे कळतं, आठ कोयते टांगलेले दिसले तर नववा नाही हे कळणार. उभ्या चौकटीत ती ओळ दोन्हीकडून कापली जाते आणि उरतो नुसता भिंतीवरचा डाग. ट्रकची मागची बाजू मुळातच उंच: वर ताडपत्री, मधे फाळका, खाली पिवळी पाटी आणि तिच्यावरचा चिखल. काहीही न कापता बसते.